ऐतिहासिक ॲनिमेसाठी राजाची कारस्थानी प्रिया कशी लिहावी

खान्देशात ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, पाहणारी आणि आता स्वतः तशी कथा रचू पाहणारी मुले-मुली मला शिरपूर, अमळनेर, शहादा अशा गावांतून भेटतात. टॅबवर काढलेली चौकटींची पाने, वहीत लिहिलेले संवाद, कधी नुसतीच फोनवर बोलून ठेवलेली गोष्ट असे बरेच काही ती माझ्याकडे वाचायला पाठवतात आणि त्यांतल्या ऐतिहासिक कथांमध्ये राजाच्या मर्जीतली एक कारस्थानी बाई जवळजवळ हटकून असते. तिचे डोळे लांबट असतात, दहाही बोटांत अंगठ्या असतात आणि तिसऱ्या-चौथ्या प्रसंगात ती कुणाच्या तरी दुधात विष कालवते. ती हे का करते, असे विचारले की उत्तर येते, "ती तशीच आहे." या उत्तराने कथेचा प्राण जातो, कारण जिला काही हवे नाही आणि जिला कशाचे भय नाही, तिच्याशी नायिकेने लढायचे तरी कशासाठी?

नमुना म्हणून रियोको इकेदा यांच्या 'व्हर्सायचा गुलाब' या कथेतली मादाम डु बारी घेऊ. ती फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाची प्रिया, आणि व्हर्साय हा त्याचा राजवाडा. ही चित्रकथा १९७२-७३ मध्ये 'मार्गारेट' या जपानी साप्ताहिकात क्रमशः आली आणि तिच्यावरची चाळीस भागांची ॲनिमे मालिका ऑक्टोबर १९७९ ते सप्टेंबर १९८० या काळात जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. पुरुषासारखी वाढवलेली, राजरक्षक दलाची अधिकारी असलेली ऑस्कर ही तिची नायिका इकेदा यांनी कल्पनेतून घडवली आहे. मात्र सुरुवातीच्या भागांत जी तिच्या आणि ऑस्ट्रियाहून फ्रान्सच्या युवराजाची पत्नी होऊन आलेल्या तरुण मारी अँटोनेटच्या वाटेत उभी राहते, ती डु बारी इतिहासात खरोखर होऊन गेली. कल्पित नायिका आणि खरी प्रतिस्पर्धी ही जोडी आपल्याला पुढे फार उपयोगी पडणार आहे.

माझे सगळे सांगणे एका गोष्टीवर उभे आहे. राजाच्या प्रियेची सत्ता उसनी असते आणि ती तिच्या नावावर कधीच चढत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतात जो माणूस वर्षानुवर्षे पीक काढतो, तो मेहनत इतरांइतकीच करतो, पण बांधावर अनोळखी माणूस उभा दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो. तिची प्रत्येक खेळी या पोटातल्या गोळ्यातून निघाली पाहिजे.

तिला काय म्हणायचे, ते आधी ठरवा

मराठीत हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. 'रखेल' ही आज सरळ शिवी आहे. 'अंगवस्त्र' हा शब्द ऐकायला मऊ, परंतु त्यात बाई ही पुरुषाच्या खांद्यावरचे उपरणे होऊन बसते, म्हणजे तो शब्द वापरताच कथा पुरुषाच्या डोळ्यांनी पाहिली जाऊ लागते. पेशवाईतल्या लिखाणात 'नाटकशाळा' हा शब्द याच अर्थाने भेटतो. तुमची कथा अठराव्या शतकातल्या मराठी मुलखात घडत असेल तर तो चपखल बसेल, पण आजच्या वाचकाला पहिल्या वापराच्या वेळी त्याचा अर्थ प्रसंगातून कळेल अशी सोय करावी लागेल. फ्रेंच दरबारात 'मेत्रेस आं तित्र' असे पदच होते. म्हणजे राजाने उघडपणे मान्य केलेली, महालात राहण्याची जागा आणि दरबारी वागणुकीत ठरलेले स्थान असलेली प्रिया.

मी एकच शब्द निवडत नाही आणि तुम्हीही निवडू नका. वैऱ्याच्या तोंडी एक शब्द द्या, दासीच्या तोंडी 'बाईसाहेब' द्या, कारभाऱ्याला नाव न घेता 'वरच्या मजल्यावरून निरोप आहे' असे म्हणू द्या, आणि राजाला मात्र तिचे लहानपणचे नाव घेऊ द्या. कोण तिला काय म्हणतो यावरूनच कोण कोणत्या बाजूचा आहे, हे प्रेक्षकाला एकही खुलासा न करता समजते. चौदा वर्षांच्या अँटोनेटने १७७० च्या जुलैमध्ये आईला लिहिलेल्या पत्रात डु बारीला कल्पना करता येईल तितकी मूर्ख आणि उद्धट बाई ठरवले होते. दोन महिन्यांपूर्वी दरबारात आलेल्या मुलीच्या पत्रातले हे वाक्य म्हणजे वैराची आयती पहिली ओळ आहे.

पदाचे नियम लिहून काढा

कारस्थान लिहिण्याआधी एका कोऱ्या पानावर तुमच्या दरबाराचे नियम लिहा. कोण कुणाच्या आधी बसतो, कोण कुणाशी आधी बोलू शकतो, कोणत्या दारातून कोण येतो, कुणाला राजापुढे येण्यासाठी कुणाची ओळख लागते. हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून मुले ते टाळतात आणि मग त्यांच्या खलनायिकेला विषाशिवाय दुसरे हत्यारच उरत नाही.

डु बारीचे उदाहरण पाहा. तिचे माहेरचे नाव जान बेक्यू; ती १७४३ मध्ये व्होकुलर या गावी अविवाहित आईच्या पोटी जन्मलेली मुलगी. पॅरिसमध्ये ती स्त्रियांच्या कपड्यांच्या आणि टोप्यांच्या दुकानात काम करीत असे. राजाच्या नजरेत भरूनही तिला दरबारात उघडपणे वावरता येईना, कारण त्यासाठी उमराव घराण्याचे नाव हवे आणि कुणा खानदानी स्त्रीने तिला रीतसर पेश करायला हवे. ज्या झां-बाप्तिस्त डु बारीने तिला पुढे आणले होते, त्याच्या गियोम नावाच्या भावाशी १७६८ मध्ये तिचे लग्न लावले गेले ते एवढ्यासाठीच. पुढे तिला पेश करायला कुणी तयार होईना, तेव्हा कर्जात बुडालेल्या काउंटेस द बेआर्न या वृद्धेची देणी भागवून तिला राजी करण्यात आले आणि २२ एप्रिल १७६९ रोजी डु बारी व्हर्सायच्या दरबारात रीतसर उभी राहिली. नावापुरता नवरा, कर्जबाजारी म्हातारी, ठरलेला मुहूर्त आणि दाराशी जमलेले कुत्सित उमराव एवढ्या सामग्रीत एक पूर्ण भाग उभा राहतो, आणि त्यात कुणाला मारावे लागत नाही. तुमच्या बाईचे पहिले कारस्थान असेच उंबरठा ओलांडण्यापुरते ठेवा. प्रेक्षक त्या वेळी नकळत तिच्या बाजूने असतो. ती सहानुभूती पुढे तिने हळूहळू गमवायची आहे.

तिचे घड्याळ राजाच्या शरीरात असते

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पंधरावा लुई १७१० सालचा. १७७० मध्ये अँटोनेट व्हर्सायला आली तेव्हा तो साठीला पोचला होता, डु बारी सव्वीस वर्षांची होती आणि अँटोनेट चौदा. या तीन आकड्यांतच सगळी कथा आहे. आज राजाची मर्जी डु बारीवर आहे, पण उद्याचा राजा अँटोनेटचा नवरा आहे. म्हणजे जिला आज नमवायचे, तिच्याच हातात उद्या आपले नशीब जाणार, हे डु बारीला ठाऊक आहे आणि अँटोनेटलाही.

त्यावर आणखी एक नियम होता, जो पटकथाकाराच्या दृष्टीने सोन्यासारखा आहे. कॅथलिक राजाला मरणापूर्वी पापांची क्षमा हवी असेल, तर त्याने आधी प्रियेला दूर केले पाहिजे. १७४४ मध्ये मेत्झ येथे लुई मरणासन्न झाला तेव्हा धर्मगुरूंनी हाच आग्रह धरला आणि त्याच्या तेव्हाच्या प्रियेला, शातोरूच्या डचेसला, तिथून अपमानित होऊन निघावे लागले. राजा वाचला, त्याने तिला पुन्हा जवळ केले, पण त्याच वर्षी डिसेंबरात तीच वारली. तीस वर्षांनी, १७७४ च्या एप्रिलअखेर राजाला देवी निघाल्या. दिवसा त्याच्या मुली आणि रात्री डु बारी अशी शुश्रूषा चालली होती, आणि आपल्याला काय झाले आहे हे राजाच्या ध्यानात आले तेव्हा त्याने तिला जायला सांगितले. १० मे रोजी तो गेला.

म्हणजे राजाचा ताप हा तिच्यासाठी एकाच वेळी माणूस गमावण्याची भीती आणि घर गमावण्याची भीती आहे, आणि राजाच्या पलंगाशी येणारा धर्मगुरू हा तिच्या दृष्टीने तिला हाकलायला आलेला माणूस आहे. हे एकदा कळले की तुमच्या कथेत राजाचा साधा खोकलासुद्धा प्रसंग होतो. मी मुलांना सांगते की प्रत्येक प्रसंगाच्या समासात राजाची तब्येत एका शब्दात लिहून ठेवावी. तब्येत चांगली असेल त्या दिवशी तुमची बाई उदार असेल, कदाचित निष्काळजीही. तब्येत बिघडली की ती घाईत चुका करील. कारस्थानांची तीव्रता तुम्हाला मनाने ठरवावी लागत नाही, ती समासातूनच मिळते.

एक न उच्चारलेले वाक्य

व्हर्सायच्या रिवाजात खालच्या दर्जाच्या स्त्रीने वरच्या दर्जाच्या स्त्रीशी आपणहून बोलायचे नसे. युवराजाची पत्नी म्हणून अँटोनेट दरबारातली पहिली स्त्री होती, त्यामुळे तिने तोंड उघडल्याशिवाय डु बारीला तिच्याशी एक शब्द बोलता येत नव्हता. अँटोनेटने ठरवले की बोलायचेच नाही. राजाच्या अविवाहित मुली, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या आत्या, यांनी तिला या हट्टात खतपाणी घातले. त्यांना डु बारी डोळ्यांसमोर नको होती आणि स्वतःच्या तोंडावर वाईटपणाही नको होता.

भरलेल्या दालनात रोज सगळ्यांसमोर दुर्लक्षिली जाणारी डु बारी राजाकडे तक्रार करते. राजा ऑस्ट्रियाच्या राजदूताला, मर्सीला, सूचना देतो. मर्सी व्हिएन्नाला लिहितो. धर्मनिष्ठ, स्वतः कडक चारित्र्याची असलेली सम्राज्ञी मारिया थेरेसा आपल्याच मुलीला राजाच्या प्रियेशी दोन शब्द बोलायचा आग्रह करू लागते, कारण पोलंडच्या वाटणीचे प्रकरण शिजते आहे आणि फ्रान्सने डोळेझाक करावी अशी तिची गरज आहे. ती वाटणी १७७२ मध्ये झाली. एका दालनातल्या अबोल्याचा धागा असा दुसऱ्या देशाच्या नकाशापर्यंत जातो.

१७७१ च्या जुलैमध्ये अँटोनेट कशीबशी तयार झाली. पत्त्यांचा डाव संपल्यावर ती स्त्रियांशी एकेक शब्द बोलत डु बारीपाशी येऊन ठेपणार, तोच आत्या आदेलाईद मध्ये पडली, निघायची वेळ झाली म्हणाली आणि तिला घेऊन गेली. अपमान दुप्पट झाला. अखेर १ जानेवारी १७७२ ला, नववर्षाच्या भेटीगाठींत, डु बारी समोर आली तेव्हा अँटोनेटने तिच्या दिशेने पाहून एवढेच म्हटले की आज व्हर्सायला पुष्कळ माणसे आली आहेत. डु बारी जिंकली. यापुढे तिच्याशी बोलायचे नाही, असे अँटोनेटने मात्र ठरवले.

या प्रसंगातून लिहिणाऱ्याने नेमके काय उचलायचे? पहिले असे की प्रतिस्पर्धी स्त्रीची मागणी छोटी आणि रास्त असावी. तिला राज्य नको आहे, नमस्काराला उत्तर हवे आहे. दुसरे असे की नायिकेच्या बाजूलाही चूक असावी. अँटोनेटचा अभिमान आणि आत्यांच्या हातचे बाहुले होणे या दोन्ही गोष्टी कथेत दिसल्या पाहिजेत, म्हणजे प्रेक्षकाला निवाडा सोपा जाणार नाही. आणि विजयाचा क्षण जुलैतल्यासारखा एकदा हातातोंडाशी आणून काढून घ्यावा, कारण पहिल्याच खेपेला अँटोनेट बोलली असती तर त्या वाक्याला किंमत राहिली नसती. आपल्याकडच्या लग्नघरात एखाद्या जावेला मानाचे आमंत्रण द्यायचे राहून जाते आणि ती गोष्ट वीस वर्षे घराघरांत बोलली जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या प्रसंगाचे वजन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

कारस्थानाची जुळणी

ॲनिमेमध्ये ऑस्करच्या आईला आपल्या सेवेत घेण्यासाठी डु बारी आणि अँटोनेट या दोघींत ओढाताण होते. ही जुळणी अभ्यासण्यासारखी आहे. ऑस्करवर थेट वार केला असता तर तलवारीने उत्तर मिळाले असते; तिच्या आईला मानाची जागा देऊ केली की नकार हा अपमान ठरतो आणि होकार हा पक्षबदल ठरतो. चांगले कारस्थान बाहेरून मेहेरबानीसारखे दिसते. तुमच्या बाईने नायिकेच्या भावाला चाकरी द्यावी, वडिलांचे कर्ज फेडावे, बहिणीसाठी श्रीमंत स्थळ सुचवावे. मग नायिकेपुढे आभार मानण्याशिवाय गत्यंतर नसते आणि आभार मानताच ती बांधली जाते.

विषाचा मोह आवरा. फार तर एकदा वापरा, तेही कथेच्या उत्तरार्धात, तिचे बाकीचे सगळे उपाय थकल्यावर. विष देणारी बाई पकडली गेली तर संपली, हे तिला कळते. इतकी मोठी जोखीम ती घेते आहे म्हणजे राजाची तब्येत समासात नक्कीच वाईट लिहिलेली असली पाहिजे.

तिला बातम्या कोण आणून देतो, हेही ठरवा. महालात पायी चालणारे, दिवे लावणारे, पाणी भरणारे लोक सगळे ऐकतात. डु बारीच्या पदरी झामोर नावाचा एक मुलगा होता, लहानपणीच बंगालमधून, चितगावकडून पळवून विकला गेलेला. तिने त्याला नटवले, शिकवले, खेळण्यासारखे मिरवले, आणि तो आफ्रिकेतला आहे असाच तिचा समज होता. मोठेपणी तो फ्रेंच राज्यक्रांतीत क्रांतिकारकांच्या बाजूला गेला आणि १७९३ च्या खटल्यात त्याने तिच्याविरुद्ध साक्ष दिली. आपला जन्म बंगालमधला असल्याचे त्याने तिथे सांगितले. जी बाई स्वतः दरबाराकडून माणूस म्हणून ओळख मागत होती, तिने घरातल्या मुलाचा मुलूख कोणता हे कधी विचारले नाही. ही एक गोष्ट तुमच्या कथेत कोणत्या ना कोणत्या रूपात आली, तर तुमच्या खलनायिकेचा दोष प्रेक्षकाला दहा कारस्थानांपेक्षा अधिक खोल जाणवेल. मला स्वतःला या सगळ्या इतिहासात झामोरइतके दुसरे कुणी अस्वस्थ करीत नाही.

याच्या जोडीला तिला एक दया करू द्या. मृत्युदंड झालेल्या एका उमराव जोडप्यासाठी डु बारीने राजापुढे गुडघे टेकले आणि त्यांचे प्राण वाचवले, असे तिच्या चरित्रांत सांगितले जाते. अशी दया तुमच्या कथेत खरी असावी, डाव म्हणून केलेली नसावी.

चित्र आणि आवाज

पोशाखांवर मुले खूप वेळ घालवतात, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. तिचा पोशाख भडक करण्यापेक्षा दर प्रसंगी नवा करा; ज्या घरात बाकीच्यांचे कपडे तेच आणि ती मात्र दर वेळी वेगळ्या वस्त्रांत, तिथे पैसा कुठे जातो हे दिसते.

जागा मात्र विचारपूर्वक काढा. व्हर्सायमध्ये डु बारीच्या खोल्या राजाच्या खासगी खोल्यांच्या वरच्या मजल्यावर होत्या आणि दोन्ही आतल्या जिन्याने जोडलेल्या होत्या. त्या जिन्यावरून कोण चढते, कोण उतरते, केव्हा दार बंद आढळते, एवढ्यावर तिच्या सत्तेचा आलेख काढता येतो. शेवटच्या भागात तोच जिना रिकामा दाखवला तर संवादाची गरज पडत नाही.

मालिकेचे सुरुवातीचे भाग तादाओ नागाहामा यांनी दिग्दर्शित केले आणि एकोणिसाव्या भागापासून ओसामु देझाकी आले. डु बारीचा भाग नागाहामांच्या काळातला आहे, म्हणून त्यात नाट्य मोठे, भाव ठळक आणि वैर उघड आहे. देझाकी मोक्याच्या क्षणी हालचाल थांबवून रंगवलेल्या स्थिर चित्रावर नजर खिळवत. थोड्या साधनांत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही युक्ती उचलावी, कारण एक चित्र नीट रंगवायला वेळ लागत असला तरी शंभर चित्रे हलवण्याइतका लागत नाही. अँटोनेट न बोलता पुढे निघून जाते तो क्षण असाच थांबवण्याजोगा आहे. पंख्याआड तोंड झाकून लांबलचक हसण्याची जी ॲनिमेतली रीत आहे, ती अख्ख्या कथेत एकदाच वापरा, आणि शक्य तर तुमची बाई हरल्यावर.

बोली हे आपल्या हातातले सर्वांत मोठे साधन आहे. डु बारी दुकानात काम करणाऱ्या मुलीची भाषा विसरली नव्हती आणि दरबारी लोक त्याच भाषेसाठी तिला हसत, असे सांगतात. तुमची कथा खान्देशात घडत असेल तर तिला दरबारात घोटीव, पल्लेदार भाषा द्या आणि दार लावून दासीपाशी बसली की अहिराणी बोलू द्या. "मला सर्व ज्ञात आहे, खाँसाहेब," असे चारचौघांत म्हणणारी बाई एकटीने "माले माहीत शे" असे पुटपुटली की तिचे घर, गाव, आई सगळे त्या तीन शब्दांत येते. अहिराणी इथे विनोदासाठी वापरू नका. आपल्या नाटक-सिनेमांत ती बहुधा हसवण्यापुरती येते, याचे मला मनापासून वाईट वाटते. या बाईच्या तोंडी ती भीतीची आणि खरेपणाची भाषा असू द्या.

थाळनेरला बसवताना

खान्देशात अशी कथा बसवायला राजधान्यांची कमतरता नाही. मलिक राजाने चौदाव्या शतकाच्या अखेरीस थाळनेरहून फारुकी राज्य उभारले, त्याच्या मुलाने बुऱ्हाणपूर वसवले आणि १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती जाईपर्यंत ते घराणे टिकले. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला फारुकींच्या कबरी आणि तापीकाठचा किल्ला आजही आहे. तिथे जाऊन एक दुपार रेखाटने करा, नदीच्या बाजूने किल्ला कसा दिसतो ते काढा.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. खऱ्या स्त्रीच्या नावावर न केलेले कारस्थान चढवू नका. बुऱ्हाणपूरला तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत शहजादा औरंगजेबाने हिराबाईला पाहिले आणि तो तिच्यावर अनुरक्त झाला, ही हकिगत फारसी ग्रंथांतून आली आहे. ती आंब्याच्या झाडाचे फळ तोडत होती आणि पुढे थोड्याच काळात वारली, एवढेच तिच्याविषयी मुख्यतः सांगितले जाते. एका मुलाने त्याच्या कथेत तिच्या हाती विषाची कुपी दिली होती, ती मी त्याला काढायला लावली. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला आणि आनंदीबाईंचे नाव 'ध'चा 'मा' या आख्यायिकेशी असे जोडले गेले की अडीचशे वर्षे त्यांच्याविषयी दुसरे काही बोललेच जात नाही. डु बारीचेही असेच झाले आहे, आणि ॲनिमेने त्यात भर घातली आहे. इकेदांनी नायिका कल्पित घेतली. आपण प्रतिस्पर्धीही कल्पित घ्यावी आणि तिच्याभोवतीचे जग मात्र तपासून खरे ठेवावे.

तपासणीत जेवण बहुधा चुकते. पंधराव्या शतकातल्या थाळनेरच्या मुदपाकखान्यात मिरची असणार नाही, कारण ती पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून इकडे आली. त्याच कारणाने शेंगदाणे, मका, टोमॅटो आणि बटाटा हेही नाहीत. वांग्याचे भरीत चालेल, पण ते मिरी आणि लसणाचे. ज्वारीची भाकरी चालेल, केळी चालतील. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदपत्रांचा मोठा साठा आहे. मराठा काळातली कथा असेल तर लिहिण्याआधी तिथे जाऊन बसा आणि त्या काळी लोक पत्राची सुरुवात कशी करीत, कुणाला कोणता किताब लावीत, एवढे तरी वहीत उतरवून आणा.

तिचे जाणे

डु बारीचे दोन शेवट आहेत. पहिला १७७४ चा, दरबारातून दूर करून तिला मठाकडे धाडले त्या गाडीतला. ॲनिमेमध्ये या प्रवासात ऑस्कर तिच्यासोबत असते आणि डु बारी तिला आपल्या गरिबीतल्या दिवसांविषयी सांगते. दुसरा ८ डिसेंबर १७९३ चा, पॅरिसमध्ये गिलोटिनखाली, अँटोनेटच्या वधानंतर दोन महिन्यांच्या आत. तिथे तिने जल्लादाकडे आणखी एका क्षणाची विनवणी केली, असे सांगतात. नायिकेची कथा पुढे चालू राहणार असेल तर पहिला शेवट घ्या. त्या प्रसंगात तिला पश्चात्ताप करायला लावू नका आणि नायिकेला उपदेश करू देऊ नका. तिला फक्त ती कुठून आली हे सांगू द्या, आणि हे सांगताना तिचा चेहरा निम्म्याहून अधिक वेळ खिडकीबाहेर वळलेला ठेवा.

थाळनेरच्या कथेत गाडीच्या जागी तापीवरची नाव येईल. राजाचा ताप वाढला आहे, किल्ल्याचे नदीकडचे लहान दार उघडले आहे, दासी मागेच राहिली आहे आणि ती एक गाठोडे घेऊन काठावर आली आहे. अख्ख्या कथेत तिच्याशी तिच्या आधी बोलण्याची कुणाची हिंमत झालेली नाही, हा नियम तुम्ही पहिल्या पानापासून पाळत आलात. आता नावाडी वल्हे हातात घेऊन तिच्याकडे न बघताच विचारतो, "बाई, कोठे जानं शे?" चित्र तिच्या चेहऱ्यावर थांबवा, मागे फक्त पाण्याचा आवाज ठेवा, आणि मग तिला त्याच बोलीत आईच्या गावाचे नाव सांगू द्या.